मुलांचे ऑनलाइन खेळ : पालकांचे आणि रुग्णालयाचे कर्तव्य

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या देणगीदार व पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)





वर्धापनदिनी प्रशासकाने संस्थेच्या जमाखर्चाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली पद्धत आहे. यंदा जमाखर्चाचे पत्रक अहवालात स्वतंत्रपणे छापलेले आहे. म्हणून विश्वस्तांच्या अनुमतीने मी आज एक निराळा विषय आपणापुढे मांडत आहे. मुले मोबाईलवर जे ऑनलाइन खेळ खेळतात आणि ज्यांत दूरदूरची अनोळखी माणसे एकाच वेळी एकत्र येतात, त्या खेळांचा हा विषय आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य खातेवह्यांत गेले आहे. तथापि बालरुग्ण कक्षाच्या दारातून आणि बिलाच्या खिडकीतून हा विषय मला रोज दिसतो. एका हाताला सलाइन लावलेले आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरलेले मूल ही आता आमच्या कक्षातील नित्याची गोष्ट झाली आहे.

विश्वस्त मंडळापुढे सध्या एक प्रश्न निर्णयासाठी आहे. बालरुग्ण कक्षात मोबाईलवरील खेळांस संपूर्ण बंदी करावी काय? काही डॉक्टरांचे व पालकांचे मत बंदीच्या बाजूने आहे. मुले रात्री झोपत नाहीत, शेजारच्या खाटेवरील रुग्णास त्रास होतो, जेवणाचे ताट तसेच राहते, या त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. दुसरीकडे परिचारिका भगिनींचा अनुभव असा की, सुई टोचताना किंवा मलमपट्टी बदलताना भेदरलेले मूल त्या खेळामुळेच शांत राहते. निर्णय व्हायचा आहे. त्यापूर्वी या विषयाचा साकल्याने विचार व्हावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम हे खेळ म्हणजे काय, ते समजून घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात मोबाईलचा खेळ म्हणजे एकट्याने बसून ठोकळे जुळवणे किंवा गाडी पळवणे, एवढेच चित्र असते. तसे खेळ आजही आहेत. परंतु मुलांना ज्यांचे वेड लागले आहे, ते खेळ निराळ्या जातीचे आहेत. त्यांत एक संपूर्ण मुलूख असतो. तेथे डोंगर, रस्ते, घरे, बाजार असतात. मूल त्या मुलखात स्वतः निवडलेले नाव, चेहरा आणि पोशाख घेऊन प्रवेश करते. त्याच वेळी इतर असंख्य घरांतून आत आलेली मुले आणि मोठी माणसे त्याला तेथे भेटतात. ती परस्परांशी बोलतात, गट बांधतात, भांडतात, भेटवस्तू देतात. मूल बाहेर पडले तरी तो मुलूख चालूच राहतो.

ही कल्पना आपणांस अगदीच परकी वाटू नये. भातुकली हे मुलांनी उभारलेले काल्पनिक जगच आहे. आपल्या खान्देशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. रोज संध्याकाळी या घरून त्या घरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातील खाऊ ओळखण्याचा खेळ रंगतो. महिनाभर त्या मुलींचे सासरमाहेराचे एक स्वतंत्र जग गल्लीत नांदत असते. खोटे जग उभारून त्यात मनापासून रमणे हा बालपणाचा धर्मच आहे. त्याबद्दल मुलांना दोष देण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, भुलाबाईच्या खेळात कोणकोण येते हे साऱ्या गल्लीस ठाऊक असते, खाऊ घरच्या डब्यातला असतो, आणि गाणी संपून खाऊ वाटला की मुली आपापल्या घरी परततात. नव्या खेळांत या तिन्ही गोष्टी पालकांच्या नजरेआड गेल्या आहेत.

संगणकावरील अशा जगाचा प्रारंभ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ते रचले. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर केवळ अक्षरे उमटत आणि त्यांवरून खेळणारा आपल्या मनात जागा उभी करी. खास मुलांसाठी म्हणून २००५ साली कॅनडात 'क्लब पेंग्विन' निघाले. २००६ मध्ये अमेरिकेत 'रोब्लॉक्स' सुरू झाले आणि २०११ मध्ये स्वीडनमधून 'माइनक्राफ्ट' पूर्ण स्वरूपात आले. आपल्या भागात त्या काळी इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे आणि तासाचे पैसे असा मामला होता. त्यातही भारनियमनाचा व्यत्यय असे. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८ मध्ये 'पबजी मोबाईल' आला. सुमारे शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, चौघांचा गट करून आवाजाने परस्परांशी बोलत लढतात आणि अखेरपर्यंत टिकेल तो जिंकतो, असे त्याचे स्वरूप. शहरातील कॉलेजच्या मुलांपासून तो तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. ज्या घरांत तोवर एकच साधा फोन होता, तेथे पालकांनी उसनवारी करून स्मार्टफोन आणला, कारण अभ्यास त्यावर येणार होता. अभ्यासाच्या पाठोपाठ खेळही आला. मित्र भेटत नव्हते, मैदाने ओस होती, तेव्हा मुले त्या बेटावर भेटू लागली. त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे जाण्यास जागाच नव्हती, हे आपण न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

यावर बंदी हा उपाय पुष्कळांना सुचतो. त्याचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ मोबाईल ॲप बंद केले. त्यांत पबजी होता. या आदेशामागचे कारण देशाची सुरक्षितता आणि नागरिकांच्या माहितीचे रक्षण हे होते. मुलांच्या आरोग्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या भारतीय नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' बंद झाला, तरी त्याची 'मॅक्स' ही आवृत्ती उपलब्ध राहिली आणि मुले तिकडे वळली. परदेशातील अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास कायद्याने मनाई केली होती. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो नियम रद्द करण्याचा निर्णय त्या सरकारने घेतला आणि वेळेची मर्यादा ठरवण्याचे काम पालकांकडे सोपवले. चीनने मात्र त्याच वर्षी उलट दिशा धरून अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच वेळ ठेवली. सरकारे काय करावयाचे ते करतील. परंतु खेळाचे नाव बदलले तरी घरातील मूल तेच राहते. म्हणून घराने काय करावे, हा प्रश्न कायद्यानंतरही उरतोच.

माझ्या अल्पमतीने त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. मूल उंबरठा ओलांडून निघाले की खान्देशातील कोणतीही आजी अहिराणीत विचारते, "कथा चालना रे? कोनासंगे? कव्हय येशी?" कोठे, कोणाबरोबर आणि परत केव्हा. या तीन प्रश्नांत साऱ्या पालकत्वाचा सारांश आहे. मूल मोबाईल उघडून त्या मुलखात निघते, तेव्हा ते परगावीच जात असते. परंतु ते खाटेवर आपल्या शेजारी बसलेले दिसते, म्हणून आपण विचारत नाही. हे तीन प्रश्न आणि हिशेबनीस म्हणून माझा चौथा प्रश्न, 'पैसे कोणाचे?', यांचा आता क्रमाने विचार करू.

कोठे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मिळवण्यास पालकाने एकदा मुलाच्या शेजारी अर्धा तास बसावे आणि 'मला तुझे गाव दाखव' असे म्हणावे. खेळ कळलाच पाहिजे असे नाही. परंतु माइनक्राफ्टमध्ये मूल घर बांधते आहे की दुसऱ्या खेळात अनोळखी टोळीबरोबर बंदूक घेऊन फिरते आहे, त्याच्या कानात कोणाचा आवाज येतो आहे, एवढे तरी कळेल. सारे खेळ एका तागडीत तोलणे योग्य नाही.

कोणाबरोबर, हा दुसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. त्या जगात समोरच्याचे वय दिसत नाही. बारा वर्षांचा म्हणवणारा बारा वर्षांचाच असेल, याची खात्री नाही. व्यवस्था चालवणाऱ्यांची इच्छा असेल तर मुलांचे रक्षण अशक्य नसते. क्लब पेंग्विनमध्ये पालकांना हवे असल्यास मुलाला केवळ आधी ठरवून दिलेल्या वाक्यांतूनच बोलता येई. ते जग मार्च २०१७ मध्ये बंद झाले. याच्या उलट 'फोर्टनाइट' या खेळाचे उदाहरण आहे. लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे, मुलांसाठीही अनोळखी व्यक्तींशी बोलण्याची सोय मुळातच चालू ठेवणे आणि खेळाडूंना नकळत खरेदीस प्रवृत्त करणे, या आरोपांवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत त्याच्या कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. रोब्लॉक्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये संभाषणासाठी वयाची पडताळणी सक्तीची करण्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे करावे लागले, यावरूनच धोका काल्पनिक नाही हे उघड होते.

परंतु या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती आजच्या सभेत सांगितलीच पाहिजे, कारण येथे दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांचे आईवडील बसले आहेत. नॉर्वे देशात मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. त्याला स्नायूंचा, दिवसेंदिवस बळावत जाणारा ड्युशेन नावाचा आजार होता. तो चाकाच्या खुर्चीला खिळला. पुढे फक्त बोटे हलवू लागला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी वारला. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत त्याने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन जगात सुमारे पंधरा ते वीस हजार तास घालवले होते. आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, त्याने काही पाहिले नाही, या दुःखाने आईवडील खचले होते. मॅट्स अनुदिनी लिहीत असे. ती वाचणाऱ्यांना कळावे म्हणून वडिलांनी तेथे त्याच्या निधनाची वार्ता लिहिली. त्यावर निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. तुमच्या मुलाने माझे ऐकून घेतले, मला सावरले, मला आईशी पुन्हा बोलते केले, असा त्यांचा आशय होता. त्या खेळात तो 'इबेलिन' या नावाने वावरत होता. तेथे तो चालत होता, धावत होता. त्याच्या गटातील काही जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीस आले. २०२४ मध्ये यावर माहितीपटही निघाला.

ही हकिकत ऐकून मला जे जाणवले ते सांगतो. ज्या कारणाने एखाद्या पालकाला आपल्या मुलाभोवतीचा धोका कळत नाही, त्याच कारणाने मॅट्सच्या आईवडिलांना आपल्या मुलाची माणसे कळली नाहीत. ती इतकी वर्षे त्याच घरात होती. आपल्याकडेही थॅलेसेमियाची मुले दर काही आठवड्यांनी रक्त घेण्यास येतात. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवरून सिकलसेलची मुले वेदनेने तळमळत येतात. शाळा बुडते, मैदानावर धावता येत नाही, गावातील मुले खेळायला घेत नाहीत. अशा मुलाला एखाद्या खेळात कोणी बरोबरीने वागवत असेल, तर ते नाते काय आहे हे न पाहताच तोडून टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, याचा विचार व्हावा.

आता चौथा प्रश्न आधी घेतो, कारण तो माझ्या पेशाचा आहे. हे खेळ बहुधा फुकट असतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की फुकट मालाच्या दुकानाचे भाडेही कोणीतरी भरत असते. या खेळांत पोशाख, टोप्या, बंदुकांचे रंग, नाचण्याचे प्रकार विकत मिळतात. त्यासाठी रुपये थेट द्यावे लागत नाहीत. आधी रुपये देऊन त्या मुलखातील नाणे घ्यावे लागते. फ्री फायरमध्ये त्यास डायमंड म्हणतात, रोब्लॉक्समध्ये रोबक्स. रुपयांचे डायमंड झाले की मुलाच्या मनातून पैशाची जाणीव निघून जाते. काही खेळांत तर बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, असा प्रकार असतो. आखाजीला आपल्याकडे पत्ते कुटण्याची रीत आहे. परंतु आखाजी वर्षातून एकदा येते आणि फडावर मोठी माणसे बसतात. येथे दहा वर्षांच्या मुलापुढे रोज आखाजी मांडलेली असते.

रोब्लॉक्स ही कंपनी मार्च २०२१ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिचे हिशेब कोणासही वाचता येतात आणि ते मी कुतूहलाने पाहिले. २०२४ च्या अखेरच्या तिमाहीत तेथे दररोज सरासरी ८ कोटी ५३ लाख लोक येत होते आणि दर पाचांपैकी सुमारे दोघे तेरा वर्षांखालील होते. मुलाने टिकाऊ वस्तू विकत घेतली की तिचे उत्पन्न कंपनी त्याच दिवशी पूर्ण जमा धरत नाही. पैसे देणारा खेळाडू सरासरी किती काळ टिकतो याचा अंदाज करून ते त्या काळावर विभागते, आणि तो काळ दोन वर्षांहून अधिक धरलेला आहे. हिशेबशास्त्रानुसार यात काहीच वावगे नाही. परंतु आपले मूल तेथे किती महिने राहील याचा अंदाज कंपनीने बांधलेला आहे आणि आपण मात्र तो कधी बांधला नाही, ही गोष्ट पालक म्हणून विचार करायला लावणारी आहे. बीजीएमआय २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपये अशी मर्यादा घातली होती. सात हजार रुपये म्हणजे आपल्या परिसरातील शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी होय.

ओळख पटू नये इतका तपशील बदलून एक प्रसंग सांगतो. एक शेतकरी पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी तिला घेऊन आले. कापसाच्या पट्टीचे पैसे बँकेत जमा होते. बिलाच्या खिडकीवर पैसे भरताना खात्यात अपेक्षेच्या निम्मीही रक्कम निघेना. नोंदी काढल्या, तेव्हा दोन महिन्यांत लहानलहान रकमांचे शंभरावर व्यवहार दिसले. दिवसा फोन वडिलांबरोबर शेतात जाई आणि रात्री तेरा वर्षांच्या मुलाकडे येई. यूपीआयचा पिन त्याने पाहून पाठ केला होता. बँकेचे संदेश त्याच फोनवर येत आणि तो ते पुसून टाकी. पिन बरोबर असल्याने बँकेच्या दृष्टीने त्यात फसवणूक नव्हती. वडिलांनी तेथेच मुलावर हात उगारला. आमच्या परिचारिका भगिनींनी मध्ये पडून मुलाला बाजूस घेतले आणि शांतपणे विचारले. तेव्हा कळले की, डायमंडांतील बराच भाग त्याने स्वतःसाठी वापरलाच नव्हता. गटातील 'दादा' म्हणवणाऱ्या कोणा अनोळखी खेळाडूस त्याने त्या भेटी पाठवल्या होत्या. भेट दिली नाही तर दादा गटातून काढून टाकीन म्हणे. त्या मुलाला शाळेत मित्र नव्हते. शस्त्रक्रिया निर्धन रुग्ण निधीच्या साह्याने वेळेवर झाली. परंतु मूळ दुखणे मुलाचे होते आणि ते कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नव्हते.

कायद्याविषयी थोडे सांगतो. संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मुलाने टोपी किंवा डायमंड विकत घेणे हे त्या व्याख्येत सर्वसाधारणपणे बसत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तोवर आणि त्यानंतरही पिन सांभाळणे हे घरचेच काम आहे.

आता आजीचा तिसरा प्रश्न, परत केव्हा. खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हे आमचे डॉक्टर आवर्जून सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात खेळासंबंधीच्या विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळावरील ताबा सुटणे, इतर आवडी व नित्याचे व्यवहार मागे पडून खेळालाच अग्रक्रम मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. हे सर्वसाधारणपणे निदान बारा महिने दिसले आणि घर, शिक्षण, मैत्री यांत त्यामुळे मोठी बाधा आली, तरच तो विकार म्हणावा. म्हणजे तासांची संख्या हे एकमेव माप नाही. मूल वेळेवर जेवते का, झोपते का, शाळेत जाते का, हाक मारल्यावर परत येते का, हे पाहावे. परत येत असेल तर चिंता करू नये. येत नसेल तर ओरडण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्येच अशा रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू केली. आपल्याकडे जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार तज्ज्ञ आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. फोन काढून घेतल्यावर मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलले, तर ती पोकळ धमकी समजू नये. त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे, ही हात जोडून विनंती आहे.

आता रुग्णालयाकडे वळतो. या जगांचा उपयोग रुग्णसेवेत झाला आहे काय? झाला आहे. १९९५ साली अमेरिकेत स्टारब्राइट या धर्मादाय संस्थेने, चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या पुढाकाराने, निरनिराळ्या रुग्णालयांतील आजारी मुलांसाठी बंदिस्त असे एक संगणकीय जग उभारले. एका शहरातील खाटेवरचे मूल दुसऱ्या शहरातील खाटेवरच्या मुलाला तेथे भेटे, खेळे, बोले. बाहेरच्या कोणासही आत प्रवेश नव्हता. सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या दरीचा एक संगणकीय खेळ तयार केला. मलमपट्टी बदलताना रुग्ण त्या दरीत बर्फाचे गोळे फेकत राहतो आणि त्या वेळेपुरती त्याला वेदना कमी जाणवते, असे त्यांना आढळले. आमच्या परिचारिका भगिनी जे अनुभवाने सांगतात, त्यास असा आधार आहे.

या सर्व विचारांती विश्वस्त मंडळापुढे मी पुढील प्रस्ताव नम्रपणे ठेवत आहे. बालरुग्ण कक्षात सरसकट बंदी करू नये, परंतु वेळ ठरवावी. जेवणाच्या वेळी, डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी आणि रात्री नऊनंतर खेळ बंद. आवाज कोणासही ऐकू येऊ नये. सुई व मलमपट्टीच्या वेळी मात्र मुभा. मूल दाखल होताना परिचारिकेने वजन व ताप लिहिण्याबरोबर कोठे, कोणाबरोबर, किती वेळ आणि पैसे कोणाचे, हे चार प्रश्नही विचारून केसपेपरवर नोंदवावेत. उत्तर काळजीचे असल्यास समुपदेशकाकडे पाठवावे. आणि तिसरी गोष्ट, कक्षालगतच्या रिकाम्या खोलीत मुलांचे एक खेळघर व्हावे. तेथे कॅरम, सापशिडी, चित्रांची व गोष्टींची पुस्तके असावीत. त्यासोबत चारपाच टॅबलेट असावेत. त्यांवर बाहेरच्या इंटरनेटशी न जोडलेले, पैसे न मागणारे, खोलीतील मुलांनाच एकमेकांत खेळता येईल असे बांधकामाचे व कोड्यांचे खेळ असावेत. रक्त घेण्यास येणाऱ्या मुलांचे दिवस ठरलेले असतात. त्याच दिवशी येणारी मुले तेथे एकत्र घर बांधतील, पुढच्या खेपेस ते पुढे नेतील, आणि परस्परांना नावाने ओळखू लागतील. आमच्या अंदाजाप्रमाणे यास फार मोठा खर्च नाही. अंदाजपत्रक विश्वस्तांकडे दिलेले आहे. देणगीदारांनी रोख रकमेऐवजी पुस्तके, खेळ अथवा आठवड्यातून दोन तासांचा आपला वेळ दिला, तरी तो तितक्याच आदराने स्वीकारला जाईल. मुलांजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसाची गरज आम्हांस यंत्रांहून अधिक आहे.

पालकांस अखेरची विनंती. आज घरी गेल्यावर फोन हिसकावून घेऊ नका. यूपीआयचा पिन बदला. बँकेचे संदेश घरातील दुसऱ्या फोनवरही येतील अशी व्यवस्था करा. रात्री फोन मोठ्यांच्या खोलीत ठेवा, आणि तो नियम स्वतःसही लावा. कोणी अनोळखी व्यक्ती मुलाकडे फोटो, पत्ता किंवा पैसे मागत असेल, तर मुलाने ते निर्भयपणे आपल्याला सांगावे, एवढा विश्वास त्यास द्या. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. मुलांवरील अन्य संकटात १०९८ हा क्रमांक आहे. आणि एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून त्याचे ते गाव एकदा पाहून या.

 मी मांडलेल्या प्रस्तावावर आपल्या सूचना कार्यालयात लेखी द्याव्यात. मंडळाच्या येत्या बैठकीत त्या सर्व वाचून मगच निर्णय घेतला जाईल.